पाचवं नाव

सरांनी चार नावं घेतली आणि पाचवं घ्यायच्या आत मी अंगातलं जॅकेट काढलंसुद्धा होतं. सुरुवातीला खेळणारे पाच जण जॅकेट काढतात आणि बाकीचे घालून बाकावर बसतात, एवढा साधा रिवाज. गेली दोन वर्षं पाचवं नाव माझंच असायचं, त्यामुळे तिकडे कान द्यायची मला सवयच राहिली नव्हती. सर म्हणाले, "आणि चिमणा." तोवर मी कोर्टाच्या दिशेनं निघालो होतो. कुणीतरी फिदीफिदी हसलं असतं तरी परवडलं असतं, पण कुणी हसलं नाही. आमचा कॅप्टन, ज्याला त्याच्या रुंदीमुळे सगळं कॉलेज कपाट म्हणतं, तो एकदम खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी आधीच बांधलेली होती. मी मागे फिरलो, जॅकेट उचललं, तर त्याची एक बाही उलटी झालेली. ती सरळ करेपर्यंत शिट्टी झाली आणि मोसमातली पहिली मॅच माझ्याशिवाय सुरूही झाली. मी बाकाच्या टोकाला जाऊन बसलो. पाय गरम होते, मांड्यांत अजून धावण्याची तयारी होती, पायांना बिचाऱ्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. हळूहळू मानेवरचा घाम थंड पडत गेला आणि मला लहानपणी ताप उतरताना जसं वाटायचं तसं वाटायला लागलं, सगळं फार लांब आणि फार स्वच्छ.

चिमणा पहिल्या वर्षाचा. माझ्या खांद्याला जेमतेम लागेल एवढी उंची, मनगटं काटकीसारखी, आणि बोलण्यात इतका आदर की समोरच्याला आपण म्हातारे झालोय असं वाटावं. होस्टेलच्या बेसिनमध्ये रोज मोजे धुवायचा आणि खिडकीच्या गजाला वाळत घालायचा, म्हणून त्याची खोली लांबून ओळखू यायची. त्याला का घेतलं हे मी सरांना विचारलं नाही. सर विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि माझं नाक इतकं वर होतं की विचारणं शक्य नव्हतं. मी बाकावर बसून एकच गोष्ट मनापासून मागत होतो, की हा आपटावा. फार नाही, दुखापत वगैरे नको, मी काही राक्षस नाही. पण चेंडू हातून निसटावा, दोनतीनदा हसं व्हावं, आणि सरांनी मान न वळवता बोटानं मला बोलवावं. ते बोट कसं दिसेल हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

मॅच बाजूनं कशी दिसते हे मला तोवर माहीतच नव्हतं. आत असलं की मॅच म्हणजे नुसते श्वास, कोपर, बुटांचं किंचाळणं आणि समोरच्याच्या बनियनवरचा आकडा. बाहेरून ती उलगडते. कोण कुठे निघालाय ते दिसतं, आणि तो तिथे पोचायच्या आधी दिसतं. मला दिसलं की त्यांचा एक आडदांड गडी चिमण्याच्या मागून, डाव्या अंगानं, सरकत येतोय. याला आम्ही स्क्रीन म्हणतो. आपण चेंडूवाल्याकडे डोळे लावून त्याला अडवत असतो, आणि तेवढ्यात त्यांचा दुसरा गडी आपल्या मागे येऊन भिंतीसारखा उभा राहतो. आपण वळतो आणि थेट भिंतीवर जाऊन आदळतो, चेंडूवाला मोकळा सुटतो. पाठीला डोळे नसतात, तेव्हा ओरडून सांगणं हे उरलेल्यांचं काम. कपाट लांब होता, त्याला दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं, आणि मला हेच तर हवं होतं. पण माझ्या तोंडातून निघालं, "चिमण्या, डावीकडून!"

त्यानं मागे वळून बघितलं नाही. नुसता खांदा आखडला, पाऊल आत घेतलं, आणि त्या भिंतीच्या आणि चेंडूवाल्याच्या मधून दाराच्या फटीतून मांजर जावं तसा गेला आणि पलीकडे पुन्हा त्याच माणसासमोर हजर. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मला अजून आठवतो. चेंडू कधी गेला हे त्याला कळलंच नाही. सगळा हॉल ओरडला. मी ओरडलो नाही, मी स्वतःला शिव्या देत होतो. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे लोक मी पाहिले आहेत, पण तोंडानं पाडून घेणारा मी पहिलाच असेन. टाइमआउटला चिमणा धापा टाकत माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही सांगत राहा हं. मला मागचं काही दिसत नाही." जणू हे आमचं आधीपासून ठरलेलं होतं. पुढच्या वेळी मी पुन्हा ओरडलो, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. खरं सांगायचं तर तो मांजरासारखा आत शिरतो ते पुन्हा बघायचं होतं मला. एवढंच कारण.

त्या दिवशी आम्ही जिंकलो. घरी आलो तर आई दारातच कुजबुजली, "जिंकलात?" आमच्या घरात संध्याकाळनंतर सगळे कुजबुजतात. बाबा बेकरीत भट्टीवर काम करतात. गावाला जाग यायच्या आधी त्यांचा पहिला पाव भट्टीतून बाहेर आलेला असतो, त्यामुळे बाहेर उजेड असतानाच ते झोपतात. लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच घरांत दिवे लागले की आवाज बंद करतात. मित्राच्या घरी पहिल्यांदा रात्री जेवायला गेलो तेव्हा ती माणसं भांडतायत असं समजून मी घाबरून ताटावरून उठलो होतो. माझे पाय लांब होते, घर लहान होतं, चालताना भांड्यांना धक्का लागायचा आणि आई डोळे मोठे करायची. शाळेत कुणीतरी माझ्या हातात बास्केटबॉल दिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण मोठा आवाज केला तर लोक खूश होतात. "जिंकलो," मी म्हणालो. "तू किती टाकलेस?" आईनं विचारलं. मी म्हणालो, "टाकले थोडे." माझा घसा बसला होता. आईनं गरम पाणी पुढे केलं आणि म्हणाली, "खेळताना एवढं ओरडावं लागतं का रे?" मी हो म्हणालो. तेवढं तरी खोटं नव्हतं, ओरडावं लागतंच. सकाळी टेबलावर बाबांनी माझ्यासाठी वेगळा ठेवलेला पाव होता, जरा जास्त खरपूस, मला आवडतो तसा. बेकरीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगतात की मुलगा कॉलेजच्या टीममध्ये खेळतो, पहिल्या पाचांत आहे. मी तो पाव खाल्ला. काय करणार, भूक लागली होती.

मग मोसम पुढे गेला आणि मी बाकावरच राहिलो. चिमण्याला दम खायला मधे दोनचार मिनिटं मी आत जायचो आणि परत यायचो. आम्ही जिंकत गेलो तशी टीमची मला न ओळखता येणारी एक टीम व्हायला लागली. कपाट, जो आयुष्यात कधी पळाला नव्हता, तो पळायला लागला, कारण चिमणा चेंडू अशा जागी टाकायचा की तिथे न पोचणं लाजिरवाणं वाटायचं. मी बघत होतो. मोजे वाळत घालणारा तो पोरगा चेंडूकडे जवळजवळ कधीच बघत नाही, हे माझ्या लक्षात आलं. तो समोरच्याच्या कमरेकडे बघतो. डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर फसवू शकत नाही. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं, मीच तासन्‌तास बघून शोधलं होतं, आणि सापडलं तेव्हा स्वतः बास्केट टाकल्याचा आनंद झाला. दुसरं असं, की चेंडू हिसकावून घेतला की तो हळूच "सॉरी" म्हणायचा. समोरचा आणखी चिडायचा. मी त्याला एकदा म्हणालो, "अरे, सॉरी कशाला? चोरी करतोस आणि वर पावती देतोस!" तो हसला आणि म्हणाला, "दादा, तोंडातून निघून जातं." तोंडातून काय निघून जातं याबद्दल मी त्याला कोणत्या तोंडानं बोलणार होतो?

पहिला हाफ सोपा असायचा. तेव्हा आमची बचावाची बाजू आमच्याच बाकासमोर असते, नुसतं बोललं तरी ऐकू जातं. दुसऱ्या हाफला बाजू बदलते आणि सगळा खेळ कोर्टाच्या पार त्या टोकाला जातो, मधे अख्ख्या हॉलचा गोंगाट. तिथपर्यंत पोचायला आवाज पोटातून काढावा लागतो. मी उभा राहून ओरडायचो, पंच मला खाली बसवायचे, मी बसून ओरडायचो. कपाटानं माझं नाव रेडिओ ठेवलं आणि ते गोंदल्यासारखं चिकटलं. आधी राग आला. मग एका मॅचला ताप असल्यामुळे मी गेलो नाही, त्या दिवशी आम्ही हरलो, आणि दुसऱ्या दिवशी कपाट म्हणाला, "काल स्टेशनच लागलं नाही, काय करणार?" ते ऐकून मी दिवसभर उगाचच सगळ्यांशी चांगलं वागत होतो. माझी जागा मला परत हवी होती, याबद्दल गैरसमज नको. रोज सरावाला मी सगळ्यांत आधी यायचो आणि प्रत्येक मॅचला सर पाचवं नाव घेतात तेव्हा माझा हात जॅकेटच्या चेनवर असायचा. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात एकदम मावतात, हे मला त्या वर्षी कळलं. मी त्याच्यावर जळत होतो आणि तो कोर्टावर उतरला की माझे डोळे दुसरीकडे जात नव्हते.

आणि मग सेमीफायनलला ती गंमत झाली. गंमत म्हणजे हॉलला गंमत, मला नव्हे. चिमण्याचा घोटा एका उडीनंतर वाकडा पडला, फार नाही, पण सरांनी त्याला बाहेर घेतलं आणि मला आत पाठवलं. माझ्या समोर चेंडू घेऊन त्यांचा चपळ गडी. मी त्याच्या कमरेकडे बघतोय, सगळं कसं समजतंय, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं की उजवीकडून त्यांचा माणूस भिंत घालायला येतोय. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "उजवीकडून! चिमण्या, उजवीकडून!" आणि चिमणा आता कसा सुळकन आत शिरतो ते बघायला थांबलो. पुढच्या क्षणी मी त्या भिंतीवर जाऊन आदळलो आणि पाठीवर पडलो. छताचे दिवे दिसत होते. ज्याला सावध करायचं होतं तो मीच होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. स्वतःच्या घराच्या दारावर उभं राहून "घरात कुणी आहे का" असं विचारणारा माणूस मी झालो होतो. कपाटानं हात देऊन उठवलं. त्याला हसू आवरत नव्हतं. तो म्हणाला, "रेडिओ, निदान स्वतःचं तरी ऐकत जा रे." बाकावर चिमणा घोट्याला बर्फ लावून बसला होता. तो हसत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर एवढी काळजी होती की मला त्याला थोबाडावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. सेमीफायनल कपाटानं आमच्यासाठी ओढून नेली. आम्ही फायनलला पोचलो, कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा.

घरी आईनं ही बातमी कुजबुजत सांगितली तरी बाबा जागे झाले. डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "फायनल कधी?" मी म्हणालो, रविवारी. "रविवारी दुपारी असेल तर येतो मी. मालकाला सांगतो. एवढ्या वर्षांत एकदाही बघितलं नाही तुला खेळताना." मी पाणी प्यायलो. मी म्हणालो, "बाबा, एवढी गर्दी असते, बसायला जागा मिळत नाही." ते म्हणाले, "उभा राहीन. मी दिवसभर उभाच असतो की." आणि परत झोपायला गेले. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय हे मी ग्लास हातात धरून शिकलो. त्या क्षणी सांगता आलं असतं, की मी खेळत नाही, मी ओरडतो. पण ते झोपायला गेले होते आणि आमच्या घरात झोपलेल्या बाबांना कुणी उठवत नाही. ही सबब मला किती सोयीची वाटली ते मलाच माहीत.

रविवारी मी हॉलवर पोचलो तर सरांनी मला सामानाच्या खोलीत बोलावलं. तिथे जुन्या चेंडूंचा रबरी वास, कोपऱ्यात फाटक्या जाळ्या, एका खांबाचा गंजलेला पाय. सर ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतले नाहीत. ते एका उलट्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, "चिमण्याच्या घोट्याची सूज उतरलेली नाही. तो म्हणतो बरा आहे. तो म्हणणारच. डॉक्टर म्हणतो, खेळला तर मरणार नाही, पण नेहमीसारखा नाही पळणार. मी गेले चार महिने सगळ्या टीमकडे बघतोय. तू एकट्या त्याच्याकडे बघतोयस. तू सांग, कुणाला उतरवू?" मी म्हणालो, "सर, हे मला विचारताय?" ते म्हणाले, "तू आहेस की समोर. मी काय विचारतोय ते कळतंय ना तुला?" मी म्हणालो, "हो." आणि मग माझ्यात जे काही झालं त्याला किती वेळ लागला कोण जाणे. सरांनी घाई केली नाही. मी बाबांना पाहिलं, स्वच्छ शर्ट घालून गर्दीत उभे. मी स्वतःला पाहिलं, माझे दोन धडधाकट पाय, ज्यांना चार महिने कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नुसतं "मी" म्हणायचं होतं. खोटंही ठरलं नसतं, कुणीही समजूतदार माणूस लंगड्यापेक्षा धडधाकटाला निवडेल. मी मन लावून विचार केला की चिमणा लंगडत काय करेल. आणि मला ते दिसलं, स्पष्ट, मॅच बाहेरून दिसते तसं. पळता येणार नाही म्हणून तो आधी पोचेल. उडी मारता येणार नाही म्हणून समोरच्याला उडीच मारू देणार नाही. मी तिथे काय करेन तेही दिसलं. मी मेहनत करेन. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि राग चिमण्याचा नव्हता, सरांचाही नव्हता. मी म्हणालो, "चिमणाच." सर म्हणाले, "घोट्यासकट?" मी म्हणालो, "घोट्यासकट." ते उठले, माझ्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांच्या मनात आलं असावं, पण मधे चेंडूंची जाळी होती. ते म्हणाले, "जा, वॉर्म अप कर," आणि दार उघडून गेले.

फायनलमध्ये मी थोडा वेळ खेळलो. दुसऱ्या क्वार्टरला चिमण्याची पट्टी घट्ट करायची होती तेवढा वेळ. एक चेंडू दिला, एक घालवला, एक फाउल केला. बाबा तेव्हा आलेले नव्हते. शेवटची भट्टी उशिरा निघाली होती. मी परत बाकावर येऊन बसतोय आणि ते दारातून आत येतायत, बुटांच्या टोकांवर पीठ, हातात रुमाल. त्यांनी मला शोधलं, हात हलवला. मीही हलवला. मग खेळ त्या टोकाला गेला आणि मला ओरडायचं होतं, बाबांकडे बघायला सवड नव्हती. चिमणा काय खेळला! मी आजवर कुणाला असं खेळताना पाहिलेलं नाही. एका पायावर भार देत, दुसरा नुसता टेकवत, तो चेंडूच्या आधी तिथे असायचा. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तरी हिसकावलेल्या प्रत्येक चेंडूनंतर त्याचे ओठ हलत होते, सॉरी म्हणतच होता तो. मी सांगत होतो, डावीकडून, उजवीकडून, मागे, सोड त्याला, आणि तो ऐकत होता. शेवटी काही नाट्य वगैरे झालं नाही. समोरची टीम आमच्याहून उंच होती, दमदार होती आणि चांगली होती. ती जिंकली, आम्ही थोडक्यात हरलो. कपाट रडला. एवढा मोठा माणूस रडताना फार जागा लागते. चिमणा कोर्टाच्या कडेला खाली बसला आणि बूट काढायचा प्रयत्न करायला लागला, सुजेमुळे निघत नव्हता.

बाबा गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. मी काय बोलायचं ते चार महिन्यांत अनेकदा ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांची नजर कोर्टाच्या कडेला होती.

"तो बुटका कोण रे?"

"तो चिमणा. पहिल्या वर्षाचा आहे."

"काय पोरगा आहे!" बाबा म्हणाले. "लंगडतोय, पण सगळ्यांच्या आधी हजर. मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण माझी नजर काही त्याच्यावरून हटली नाही. आमच्या भट्टीवर असा एक जरी माणूस असता ना..." आणि मग त्यांना एकदम काहीतरी आठवल्यासारखं झालं. त्यांनी माझ्याकडे, माझ्या चेन लावलेल्या जॅकेटकडे बघितलं. "अरे, पण तू का नाही खेळलास? दुखतंय काही?"

बाबांनीच दार उघडून दिलं होतं. दुखतंय, एवढं म्हटलं की झालं, गुडघा, पाठ, काहीही. आई गरम पाणी करेल, बेकरीत सांगायला कारण मिळेल. मी म्हणालो, "नाही. मला काही झालेलं नाही. तो माझ्या जागेवर खेळतो, बाबा. पहिल्या मॅचपासून."

बाबांनी पुन्हा चिमण्याकडे पाहिलं, भट्टीचं दार उघडून पाव झाला का बघतात तसं, नीट, घाई न करता. मग म्हणाले, "मग बरोबर आहे."

हे वाक्य कुणीतरी म्हणेल या भीतीनं मी अख्खा मोसम काढला होता. ते बाबांनीच म्हटलं, आणि मी जागच्या जागी उभा होतो, पायांवर, आणि मला कडकडून भूक लागली होती. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, कारण बाबांनी रुमाल पुढे केला. मी तो घेतला. म्हणालो, "बरोबरच आहे, बाबा. तुम्ही त्याला दोन्ही पायांवर बघायला हवं होतं."

"ओळख करून दे की माझी," ते म्हणाले. आम्ही कडेकडेनं चालत गेलो. आम्हाला येताना बघून चिमणा, एक बूट पायात आणि एक हातात, गडबडीनं उठायला लागला. बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसले, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाले, "बस रे, बस. उठू नकोस."